नोकरी सांभाळून भातशेती : कोणते काम थांबते, कोणते थांबत नाही

(ठाणे येथील खोपट भागात नोकरदार शेतकऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकजण ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे नोकरी करतात आणि आपली खाचरे मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांत आहेत. आठवड्याचे पाच-सहा दिवस साहेबांचे आणि उरलेला एखादा दिवस शेताचा. जून लागला की खोपटच्या एस. टी. स्थानकावर शनिवारी पहाटे बियाण्याची पिशवी आणि भाकरीचे फडके घेतलेली माणसे दिसू लागतात. रविवारी रात्री तीच माणसे चिखलाचे पाय धुऊन परत येतात आणि सोमवारी वेळेवर कामावर हजर होतात. एकाच वेळी दोन्हीकडे पुरे पडण्याच्या या ओढाताणीमुळे मनावर जो ताण येतो, त्यासंबंधी आज आपणाशी बोलावयाचे आहे. विषय मनाचा असला, तरी मी कृषिविद्या शिकविणारा माणूस आहे. म्हणून त्याचे उत्तर मी भाताच्या रोपातच शोधणार आहे.

ताण कामाच्या ओझ्यापेक्षा अधिक कशाने येतो, हे आधी पाहू. पेरणी, खत, बांध, मजूर, पंपाची दुरुस्ती, सोसायटीचे कर्ज, मुलांच्या शाळेचे प्रवेश ही सगळी कामे डोक्यात एकाच रांगेत, एकाच निकडीने उभी असतात. प्रत्येक काम ‘आजच’ म्हणते. मग जो मोठ्याने ओरडेल त्याचे काम आधी होते. भाताचे रोप काही ओरडत नाही. ते वाफ्यात मुकाट्याने जून होत राहते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी ऑगस्ट १९५४ मध्ये एका भाषणात एका माजी महाविद्यालयप्रमुखाचा दाखला देऊन तातडीची कामे आणि महत्त्वाची कामे असा भेद सांगितला होता. पुढे व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी तो उचलला आणि कचेऱ्यांतून शिकविला. भेद चांगला आहे, पण शेतात तो पुरा पडत नाही असे माझे मत आहे. कचेरीतली महत्त्वाची फाईल आठ दिवस थांबली तरी फाईलच राहते. भाताचे रोप आठ दिवस थांबले तर ते पहिले रोप राहत नाही. म्हणून शेतकऱ्याने प्रत्येक कामाला वेगळा प्रश्न विचारावा : हे काम किती दिवस थांबू शकते, आणि त्यापुढे थांबले तर किती नुकसान होते? या एका प्रश्नाने निम्मी कामे रांगेतून बाजूला होतात.

रोपाचे वय

हा प्रश्न सर्वांत आधी आवणीला, म्हणजे लावणीला, लावून पाहू. भाताच्या रोपाला चार-पाच पाने आली की बुंध्याशी फुटवे धरण्यास सुरुवात होते. रोपवाटिकेत रोपे एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे खालच्या पेऱ्यांवरील फुटवे निघत नाहीत, आणि एकदा हुकलेला फुटवा पुढे खाचरात गेल्यावर भरून येत नाही. शिवाय रोपाचे वय वाफ्यातही मोजले जात असते. हळव्या जातीचे रोप चाळीस दिवस वाफ्यात राहिले तर खाचरात फुटवे करायला त्याला वेळच उरत नाही, ते पोटरीवर येते. म्हणून हळव्या जातींची लावणी २१ ते २५ दिवसांच्या रोपांनी आणि गरव्या जातींची २५ ते ३० दिवसांच्या रोपांनी करावी, अशी शिफारस आहे.

आता यात आपला रविवार कसा बसतो ते पाहा. समजा आपले क्षेत्र दोन एकर, म्हणजे ८० गुंठे आहे. लागवडीच्या क्षेत्राच्या एक दशांश धरून ८ गुंठे रोपवाटिका लागेल. ती सगळी १० जूनला पेरली, तर १ ते ७ जुलै या एकाच आठवड्यात ८० गुंठ्यांची लावणी उरकावी लागते. त्याच आठवड्यात सगळ्या गावाची लावणी असते, मजूर मिळत नाहीत, पॉवर टिलरवाला आज-उद्या करतो, आणि आपण ठाण्यातून दूरध्वनीवर सांगत असतो, ‘बाबा, रविवारपर्यंत थांबा.’ त्याऐवजी ४ गुंठे १० जूनला आणि ४ गुंठे १८ जूनला पेरावे. पहिल्या तुकडीची मुदत १ ते ७ जुलै आणि दुसरीची ९ ते १५ जुलै अशी होते. सात दिवसांच्या कोणत्याही मुदतीत एक रविवार येतोच. एकाच धावपळीचे दोन बेताचे आठवडे झाले आणि मधल्या ८ जुलैला पाठ टेकायलाही सवड मिळाली. बियाणे तेवढेच, जमीन तेवढीच, खर्चही तेवढाच.

जातींची निवडही याच दृष्टीने करावी. सगळ्या खाचरांत एकच जात लावणे सोपे वाटते, पण मग सगळी कामे एकदम अंगावर येतात. वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरांत कर्जत-३, कर्जत-७, रत्नागिरी-१ यांसारखी हळवी जात, मधल्या खाचरांत पालघर-१, कर्जत-५ किंवा जया ही निमगरवी, आणि खोलगट, पाणी धरणाऱ्या खाचरांत कर्जत-२ सारखी गरवी जात घ्यावी. आपल्या वाडवडिलांनी हळवे आणि गरवे हा भेद जमिनीसाठी केला होता. नोकरदाराला तो वेळेसाठीही उपयोगी पडतो.

एवढे करूनही कधी पाऊस दडी मारतो आणि रोपे जून होतातच. तेव्हा हळहळत बसू नये. प्रत्येक चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच रोपे घ्यावीत, दोन चुडांतील अंतर कमी करावे आणि उंच वाढलेल्या रोपांचे शेंडे खुडून लावणी करावी. शेंड्यांवर असलेले खोडकिड्याचे अंडीपुंजही त्याबरोबर निघून जातात. खुडलेले शेंडे मात्र बांधावर टाकू नयेत, पुरून नष्ट करावेत.

रजा कोठे खर्च करावी

राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. त्या बंधूंची सोय झाली. परंतु कारखान्यात, दुकानात, रुग्णालयात, वाहतुकीत काम करणाऱ्यांना एकच सुटी, तीही कधी रविवारी तर कधी मंगळवारी. त्यांनी हातातील रजा अधिकच जपून वापरावी.

आपला कोकणी माणूस रजा साठवितो ती गणपतीसाठी आणि उरली तर शिमग्यासाठी. यात गैर काही नाही. गणपतीला गावी गेलेच पाहिजे. फक्त त्या वेळी भात कोणत्या अवस्थेत असते ते ध्यानात ठेवावे. १५ जूनला पेरलेली १३० दिवसांची जात २३ ऑक्टोबरच्या सुमारास तयार होते. लोंबीचा गर्भ साधारणपणे काढणीच्या ६५ दिवस आधी धरू लागतो, म्हणजे १९ ऑगस्टच्या आसपास. नत्र खताचा तिसरा हप्ता देण्याची वेळ हीच. २०२० साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला आली होती, तेव्हा गणपतीला गेलेल्या माणसाच्या हातून हा हप्ता अगदी वेळेवर पडला असता. २०२३ साली मात्र गणपती १९ सप्टेंबरला आले. त्या वेळी लोंबी बाहेर पडण्याच्या बेतात होती, आणि तेव्हा टाकलेला युरिया दाण्यांची संख्या वाढवू शकत नाही. उलट त्याने पीक माजते, लोळते आणि किडीला बळी पडते. भाताला पंचांग ठाऊक नाही. म्हणून उशिरा गणपती असतील त्या वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एक फेरी वेगळी धरावी, नाहीतर हा हप्ता घरच्या माणसावर सोपवावा आणि वजन करून पिशवी बाजूला काढून ठेवावी.

या खताच्या फेऱ्याच वाचविता आल्या तर? त्यासाठी डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेली चारसूत्री पद्धत नोकरदार शेतकऱ्याने विचारात घ्यावी. तिची पहिली दोन सूत्रे म्हणजे भाताच्या तुसाची राख व पेंढा यांचा शेतात फेरवापर आणि गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचा वापर. आज मला शेवटच्या दोन सूत्रांविषयी अधिक सांगावयाचे आहे. दोरीवर १५ व २५ सेंटिमीटर अंतरावर आळीपाळीने खुणा करून नियंत्रित लावणी करावयाची आणि लावणीच्या दिवशीच प्रत्येक चार चुडांच्या चौकोनात मध्यभागी युरिया-डीएपीची सुमारे २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावयाची. गुंठ्याला सुमारे ६२५ गोळ्या लागतात. गोळी चिखलात खोल असल्याने नत्र हळूहळू मिळते, पाण्याबरोबर वाहून जात नाही, आणि पुढे वरखताचे हप्ते देण्याची गरज उरत नाही.

या पद्धतीबद्दल तक्रार अशी ऐकू येते की दोरी धरून लावणी करण्यात वेळ जातो. तक्रार खरी आहे. लावणीच्या दिवशी हात नक्कीच हळू चालतो. परंतु त्या दिवशी घरची सगळी माणसे आणि आपण स्वतः खाचरातच असतो. पुढच्या दोन फेऱ्या वाचतात त्या अशा दिवसांतल्या की ज्या दिवशी आपण ठाण्यात असतो आणि मुसळधार पाऊस पडत असतो. गावात घरचे कोणी नसेल, तर हा सौदा फायद्याचा आहे. घरी वेळेवर खत टाकणारे माणूस असेल, तर नेहमीचे तीन हप्ते बरे. पाणी अजिबात न धरणाऱ्या, झिरपणाऱ्या खाचरांत मात्र गोळ्यांचा उपयोग होत नाही. आणि गोळ्या दमट हवेत विरघळतात, म्हणून आणल्यापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवाव्यात.

आवणीच टाळावयाची असेल, तर नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा राईस टेक्निक ही गादीवाफ्यावर टोकणीची पद्धत आपल्या शेजारीच आहे. तीत चिखलणी आणि लावणी दोन्ही नाहीत, पण तणांचा बंदोबस्त वेळच्या वेळी करावा लागतो. ज्यांना लावणीनंतरचा पहिला महिना शेतावर लक्ष ठेवणे जमत नाही, त्यांनी एकदम सगळ्या क्षेत्रावर ती करू नये. आधी पाच-दहा गुंठ्यांवर करून पाहावी.

बेणणीबद्दल थोडक्यात सांगतो. लावणीपासून पहिले ३० ते ४० दिवस भात आणि तण यांची खरी झटापट असते. त्यानंतर काढलेल्या तणाने रान स्वच्छ दिसते, उत्पन्न फारसे वाढत नाही. तेव्हा उशिराच्या बेणणीसाठी रजा घालवू नये.

निर्णय कोणाच्या हाती

नोकरदार शेतकऱ्याच्या ताणाचे आणखी एक कारण आहे. ते जरा अवघड जागेचे आहे, पण बोलले पाहिजे. शेतात माणूस एक आणि निर्णय घेणारा दुसरा, अशी आपली परिस्थिती आहे. लावणी, बेणणी, कापणी ही कामे बहुतांशी घरातील स्त्रिया करतात. म्हातारे आईवडील गुरे आणि पाणी सांभाळतात. पण मजुराला किती द्यायचे, बांध फोडायचा की ठेवायचा, औषध आणायचे की नाही, हे सगळे ठाण्याहून विचारून ठरते. आपण यंत्रावर उभे असताना किंवा भरलेल्या लोकलमध्ये असताना दूरध्वनी येतो, उत्तर घाईत दिले जाते, आणि दिवसभर मन तिकडे लागून राहते. तिकडे त्या माऊलीच्या मनावर वेगळा ताण असतो. डोळ्यांसमोर पाणी साचलेले दिसते आणि तिला बांध फोडण्याची मुभा नसते.

मला वाटते की मोसमापूर्वी घरातल्या सर्वांनी एकदा बसून कोणते निर्णय गावी होतील आणि कोणते विचारून होतील हे ठरवावे. रोपाला २१ दिवस झाले, चिखलणी झाली आणि माणसे मिळाली, की लावणी सुरू, विचारण्याची वाट पाहू नये. मजुरीची रक्कम आधीच घरच्या बाईच्या हाती द्यावी. खतांची पिशवी, तिच्यावर चिठ्ठी. पेरणीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावी, म्हणजे रोपाचे वय सगळ्यांना कळते. आपल्याकडे सावडीची आणि इर्जिकीची जुनी रीत आहे. ठाण्यात राहणाऱ्याचे नाव त्या सावडीत राहत नाही, कारण तो परतफेडीला जात नाही. त्याने आपल्या दोन रविवारांचे श्रम आधी दुसऱ्याच्या खाचरात घालावेत, म्हणजे अडीअडचणीला चार हात आपल्या खाचरात येतील.

पावसाच्या अंदाजासाठीही माणसे दिवसातून दहा वेळा आभाळाकडे आणि दहा वेळा मोबाईलकडे बघतात. हवामानावर आधारित कृषी सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. भारतीय हवामान खात्याच्या मेघदूत ॲपवर ती मराठीत मिळते. शुक्रवारची पत्रिका वाचून शनिवार-रविवारचे काम ठरवावे आणि मग तो विषय मनातून काढून टाकावा.

रात्रपाळी करणाऱ्या बंधूंना एक कळकळीची विनंती आहे. पाळी संपवून थेट गावी जाऊन पॉवर टिलर हाती धरू नये, औषधाचा पंप पाठीवर घेऊ नये. झोप नसलेल्या माणसाचा पाय चिखलात घसरतो आणि फिरत्या पात्यांपुढे पश्चात्तापाला वेळ नसतो. चार तास झोपून दुपारी काम धरावे. लावणी चार तासांनी बिघडत नाही. पायाला जखम असेल तर गमबूट घालावेत किंवा चिखलात उतरूच नये. पावसाळ्यात ठाणे-मुंबई भागात लेप्टोचे रुग्ण आढळतात. चिखलात काम केल्यावर ताप आला, तर अंगावर न काढता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे आणि आपण शेतात उतरलो होतो हे डॉक्टरांना सांगावे.

कापणी आणि बदललेला पाऊस

एक राखून ठेवलेली रजा कापणीसाठी असावी. भारतीय हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने ठरविल्या. मुंबईत पाऊस येण्याची तारीख १० जूनऐवजी ११ जून झाली, म्हणजे फरक फारसा नाही. परतण्याची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. याचा अर्थ काय होतो पाहा. १५ जूनला पेरलेले ११० दिवसांचे हळवे भात ३ ऑक्टोबरला तयार होते, म्हणजे ते पावसात सापडण्याचा संभव आहे. १३० दिवसांचे २३ ऑक्टोबरला, १४५ दिवसांचे ७ नोव्हेंबरला तयार होते. म्हणून हळव्या जातींचे क्षेत्र दोन दिवसांत कापून, झोडून घरात नेता येईल एवढेच ठेवावे. पुढची जातही निर्धास्त नाहीच. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस, ऐन दिवाळीत, अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ असताना कोकणात कापून खाचरात पसरलेले भात भिजले आणि कित्येकांच्या दाण्यांना कोंब फुटले.

लोंबीतील ८५ ते ९० टक्के दाणे पिवळे झाले की कापणी करावी. त्याआधी आठ-दहा दिवस खाचरातील पाणी सोडावे. या टप्प्यावर एक रविवार पुढे ढकलणे महागात पडते, कारण दाणे खाचरात झडतात आणि आभाळाचा भरवसा नसतो. पाळीच्या बदलीबद्दल सहकाऱ्याशी सप्टेंबरमध्येच बोलून ठेवावे. आयत्या वेळी मागितलेली रजा नाकारली जाते, आणि ते साहेबांच्या दृष्टीनेही स्वाभाविक आहे. ताडपत्री, रिकामी पोती, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेले वैभव विळे आधीच घरात असावेत. वैभव विळ्याने जमिनीलगत कापणी होते, त्यामुळे बुंध्यात दडलेला खोडकिडाही पेंढ्याबरोबर निघून जातो.

जी कामे थांबू शकतात ती सरळ मे महिन्यात ढकलावीत. बांधबंदिस्ती, बियाण्याची खरेदी व उगवण चाचणी, पॉवर टिलरची दुरुस्ती, खत आणणे, माती परीक्षणाचा नमुना, सोसायटीची कागदपत्रे यांपैकी एकही काम जुलैत दिसता कामा नये. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीतील आमणेपर्यंत पूर्ण झाला. त्या बाजूला जमिनीला मागणी आहे आणि गोदामेही वाढत आहेत. जमीन विकणारे सगळेच पैशासाठी विकतात असे नाही. पाच-सात पावसाळे ही ओढाताण केल्यावर ‘पुरे झाले’ म्हणून विकणारेही आहेत. जमीन ठेवावी की विकावी हे ज्याचे त्याने ठरवावे, पण जुलैतल्या थकव्यात ठरवू नये. तो व्यवहार थांबू शकणाऱ्या कामांपैकी आहे.

भाषणानंतर आपण गटागटाने बसणार आहोत. ज्यांना आपला आराखडा करून घ्यावयाचा असेल, त्यांनी खाचरांची गुंठ्यांतील नोंद, कोणत्या खाचरात पाणी किती दिवस टिकते ही माहिती, घरात कामाला असणाऱ्या माणसांची संख्या आणि आपल्या साप्ताहिक सुटीचा वार सांगावा. सातबारा नको. सोबत घरची बाई आली असेल तर आधी तिला बोलू द्यावे, कारण कोणत्या खाचरात किती दिवस लागतात हे तिला ठाऊक असते.